स्नोमोबाईलचा ट्रॅक घरच्या घरी कसा बदलायचा (आणि मी तो दोनदा का बदलला)

हा आजच्या भागाचा लिखित उतारा. बोलताना येणारे "अं...", "म्हणजे कसंय ना" मी बरेचसे काढलेत आणि पायऱ्या क्रमाने लावल्यात. बाकी जसं बोललो तसंच आहे. हात ग्रीसने बरबटलेले असताना फोनवर अंगठ्याने एकच पायरी शोधायची असेल तर मथळे बघा.

आधी ठावठिकाणा सांगतो. मी सध्या यूपीत राहतो. लखनौ-कानपूरवाली यूपी नाही हं! अमेरिकेत मिशिगन राज्याचा जो वरचा भाग आहे ना, अप्पर पेनिन्सुला, त्यालाही इथले लोक यूपीच म्हणतात. लेक सुपिरियरवरून येणारा वारा इथे बर्फ आणून ओततो. जवळच्या कीविनॉ भागात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. म्हणजे जवळपास ९.९ मीटर. तीन मजली बिल्डिंग उभी करा डोळ्यासमोर, तेवढा. एका दिवसात नाही, सगळ्या सीझनचा मिळून. अशा ठिकाणी स्नोमोबाईल ही नुसती चैनीची वस्तू राहत नाही, ती आपल्या गावाकडच्या मोटरसायकलसारखी होऊन जाते.

गेल्या वर्षी मी एक जुनी, दोन सीटची स्नोमोबाईल घेतली. नोव्हेंबरमध्ये नीट तपासली तर ट्रॅकच्या कडेचं रबर फाटून आतले धागे बाहेर आलेले. दोन ठिकाणी कड हाताने वाकवली तर ती ओल्या पापडासारखी लुळी पडत होती. म्हणजे आतल्या कांड्या मोडलेल्या. आणि जानेवारीत बायकोला मागे बसवून जंगलातल्या ट्रेलने २० किलोमीटर आतल्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. तिथे फोनला रेंज नाही आणि तापमान उणे २० च्या आसपास. ट्रॅक तुटला तर पायी परत.

दुकानात विचारलं. नव्या ट्रॅकचे साधारण ६०० डॉलर आणि मजुरीचे जवळपास तेवढेच. मी म्हटलं, बीटेक केलंय, यूट्यूब आहे, गॅरेज आहे. घरीच करू.

आई फोनवर म्हणाली, "अरे, मेकॅनिककडे दे की! तू कम्प्युटरवाला माणूस."

"अगं आई, नटबोल्टच तर आहेत."

तर मंडळी, नटबोल्टच होते. पण ते कुठल्या क्रमाने काढायचे आणि शेवटी काय काय तपासायचं, यातच सगळं आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

ट्रॅक म्हणजे बांगडी

गुलमर्गला जाऊन स्नो स्कूटरवर फोटो काढलेले बरेच जण ऐकत असतील. पुढे दोन स्की, मागे रुंद काळा रबरी पट्टा. तो पट्टा म्हणजे ट्रॅक. आत कापडाचे थर असतात, आडव्या फायबरग्लासच्या कांड्या असतात आणि बाहेरून बर्फ ढकलणारे उंचवटे असतात. त्यांना लग म्हणतात.

आता पोकलेन आठवा. रस्त्याच्या कामावर असतो तो. त्याच्या लोखंडी साखळीत एक मास्टर पिन असते. ती ठोकून बाहेर काढली की साखळी उघडते आणि जमिनीवर सरळ पसरते. सायकलच्या चेनलाही तशीच एक जोडकडी असते. स्नोमोबाईलच्या ट्रॅकला असं काही नसतं. तो अखंड असतो. बांगडीसारखा.

बांगडी न फोडता काढायची तर काय करतो आपण? हात आक्रसून बाहेर काढतो. इथेही तसंच. ट्रॅक उघडत नाही, म्हणून ट्रॅकच्या आत जे काही आहे ते बाहेर काढावं लागतं. आणि आत दोन "हात" आहेत. मागच्या बाजूला सस्पेन्शनचा सांगाडा, त्याला स्किड म्हणतात. पुढच्या बाजूला ट्रॅक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट. स्किड काढणं सोपं आहे, शाफ्ट काढणं किचकट. सगळ्या कामाचा नकाशा एवढाच.

हा अखंड रबरी पट्टा सुरुवातीपासून नव्हता. क्यूबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचे जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिये मोटर मेकॅनिक होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने गेला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेणं शक्यच झालं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर त्यांचे प्रयोग आधीपासून चालू होते. १९३७ मध्ये त्यांना दातेरी चाक आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं. अखंड रबरी ट्रॅक पुढे त्यांच्या दुसऱ्या मुलाने, जर्मेनने विकसित केला आणि त्यामुळेच १९५९ ची छोटी, हलकी स्की-डू शक्य झाली. सांगायचा मुद्दा, हा पट्टा गाडीचा एक साधा पार्ट वाटतो, पण बर्फात माणूस घरी पोचतो की नाही हे त्याच्यावर ठरतं. तेव्हाही, आत्ताही.

विकत घेण्याआधी: चार आकडे

ट्रॅकची मापं इंचात सांगतात. लांबी, रुंदी, लगची उंची. माझा होता १३६ × १५ × १. म्हणजे पूर्ण गोल लांबी १३६ इंच, रुंदी १५ इंच, लग १ इंच उंच.

पण चौथा आकडा विसरू नका. पिच. ड्राइव्ह शाफ्टवर प्लॅस्टिकची दातेरी चाकं असतात. ते दात ट्रॅकच्या ज्या जागांमध्ये बसतात त्यांच्यातलं अंतर म्हणजे पिच. माझ्या गाडीचा पिच २.५२ इंच. अशा ५४ जागा. ५४ गुणिले २.५२ म्हणजे १३६.०८. झाला १३६ चा ट्रॅक.

गंमत बघा. ४८ जागा आणि २.८६ पिच घेतला तर येतात १३७.२८ इंच. दुकानात हा १३७ म्हणून विकतात. लांबीत फरक जेमतेम इंचाचा, म्हणून "चालून जाईल" असं वाटतं. अजिबात चालणार नाही! दात जागेवर बसणारच नाहीत. जुन्या ट्रॅकच्या जागा मोजा, दोन जागांमधलं अंतर मोजा, मगच ऑर्डर करा. मी खडूने खूण करून दोनदा मोजलं.

लगच्या उंचीचाही मोह होतो. उंच लग म्हणजे भुसभुशीत बर्फात जास्त पकड. पण ट्रॅक ज्या ॲल्युमिनियमच्या बोगद्यात फिरतो, त्याच्या आतल्या बाजूला बऱ्याच गाड्यांमध्ये कूलर बसवलेला असतो. इंजिनचं गरम कूलंट त्यातून जातं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. लग गरजेपेक्षा उंच झाले तर ते कूलरला घासतात. कूलर फाटला, कूलंट गेलं, की इंजिन जाम. मी १ वरून १.२५ वर गेलो, तेही आधी आतली मोकळी जागा मोजून.

काम सुरू करण्याआधी

पेट्रोल जवळपास संपलेलं असू द्या, कारण मध्येच गाडी एका कुशीवर झोपवावी लागू शकते. किल्ली काढून खिशात. मागची बाजू उचलायला छताच्या भक्कम तुळईला लावलेली चेन किंवा इंजिन उचलायचा हॉइस्ट वापरा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. खाली स्टँड हवाच.

बाकी सामान: सॉकेट सेट, टॉर्क रेंच, सर्क्लिप काढायचा प्लायर, थ्रेड लॉकर, ग्रीस, चेनकेसचं ऑइल, नवे सील आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. मॅन्युअल म्हणजे तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं. मी इथे जो क्रम सांगतोय तो बहुतेक गाड्यांना लागू होतो, पण टॉर्कचे आणि ताणाचे आकडे मॅन्युअलचेच घ्या, माझे नाही.

आणि एक फोन. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो. वॉशर कुठल्या बाजूला होता, शिम किती होत्या, स्प्रिंगचं टोक कुठे अडकलं होतं. दोन दिवसांनी यातलं काहीही आठवत नाही. मी अंड्यांच्या ट्रेमध्ये बोल्ट क्रमाने ठेवले, प्रत्येक खळग्यात एक चिठ्ठी. आजपर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं डॉक्युमेंटेशन!

पहिला हात: स्किड

मागच्या चाकाच्या एक्सलचा बोल्ट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे ताणाचे ॲडजस्टर मागे घ्या, म्हणजे ट्रॅक ढिला पडतो. त्याआधी ॲडजस्टरचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहून ठेवा.

मग स्प्रिंग. मागच्या बाजूला जाड पिळाच्या स्प्रिंग असतात. त्यांच्यात ताण असतो आणि सुटल्या तर बोट मोडू शकतं. आधी सगळ्यात मऊ सेटिंगवर आणा, मग स्प्रिंग ओढायच्या हत्याराने लांब टोक सोडवा. डोळ्यांवर चष्मा हवा.

स्किड बोगद्याला साधारणपणे चार बोल्टने लावलेली असते, प्रत्येक बाजूला दोन. इथे सगळ्यांची हमखास फजिती होते. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला की समोरचा बोल्ट शाफ्टसकट नुसता गरगर फिरतो, सुटतच नाही. म्हणून आधी दोन्हीकडचे बोल्ट थोडे थोडे सैल करा, मगच एकेक काढा. फिरायला लागलाच तर पहिला परत घट्ट आवळून दुसऱ्याला हात घाला.

चारही निघाले की स्किड ट्रॅकमधून ओढून बाहेर. वजनदार असते, दोघं असलेले बरे. बाहेर आल्यावर तिच्या खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बघा. त्यांना स्लायडर म्हणतात. ट्रॅक त्यांच्यावर घसरत फिरतो आणि त्यांना वंगण असतं ते बर्फाचंच. उघड्या रस्त्यावर किंवा टणक बर्फावर जास्त चालवलं की त्या तापून वितळतात. झिजेच्या रेषेपर्यंत आल्या असतील तर आत्ताच बदला. छोटी चाकंही हाताने फिरवून बघा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय.

दुसरा हात: ड्राइव्ह शाफ्ट

आता किचकट भाग. पण ॲक्टिव्हा चालवणाऱ्यांना यातलं अर्धं आधीच माहीत आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये कसं दोन कप्प्या आणि मध्ये एक बेल्ट असतो, वेगाप्रमाणे कप्प्यांचा व्यास बदलतो, तीच रचना इथे आहे, फक्त आकार मोठा. इंजिनवर पुढची कप्पी, तिच्यावरून बेल्ट मागच्या कप्पीकडे. तिथून एक आडवा शाफ्ट गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो. तिथे ऑइलने भरलेल्या डब्यात साखळी असते, तो चेनकेस. साखळी शक्ती खाली ड्राइव्ह शाफ्टला देते आणि शाफ्ट ट्रॅक फिरवतो.

आपल्याला हा खालचा शाफ्ट मोकळा करायचाय. म्हणजे त्याची दोन्ही टोकं सोडवायची.

डाव्या बाजूला, म्हणजे बहुतेक गाड्यांत कप्पीच्या बाजूला: आधी बेल्ट काढा. त्याच्यावरची अक्षरं कुठल्या दिशेला वाचता येतात ते बघून ठेवा, परत तसाच बसवायचाय. मग मागची कप्पी काढा. खाली शाफ्टच्या टोकाला वेगाचा सेन्सर असतो, तो सोडवा. मग बेअरिंग. अनेक गाड्यांत बेअरिंगला लॉक करणारी एक कडी असते, तिच्यात छोटासा स्क्रू. हा स्क्रू लक्षात ठेवा. गोष्टीत परत येणार आहे.

उजव्या बाजूला चेनकेस. काही मॉडेलमध्ये वाटेत सायलेन्सर येतो, तो आधी बाजूला. खाली भांडं ठेवून ऑइल काढा. ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस थोडा असतोच, पण तुकडे दिसले तर थांबा आणि कारण शोधा. झाकण काढा, साखळीचा ताण सोडा, मग खालचं आणि वरचं दातेरी चाक साखळीसकट बाहेर. शिम आणि वॉशरचा क्रम इथेच चुकतो. फोटो, फोटो, फोटो!

दोन्ही टोकं सुटली की शाफ्ट एका बाजूला सरकवायचा, दुसरं टोक खाली घ्यायचं, आणि तो बोगद्यातून निघतो. ट्रॅक त्याच्याबरोबरच जमिनीवर. पहिला शनिवार-रविवार माझा इथे संपला.

मोकळ्या शाफ्टची प्लॅस्टिकची दातेरी चाकं तपासा. दात झिजलेले किंवा चिरलेले असतील तर नव्या ट्रॅकवरून ते उडी मारतील आणि ट्रॅकही खराब होईल. पण ही चाकं शाफ्टवर दाबून बसवलेली असतात. काढायला प्रेस लागतो. हातोडीने ठोकू नका.

नवा ट्रॅक आत

नवा ट्रॅक साधारण २० किलोचा, घडी करून आलेला आणि प्रचंड आडमुठा. थंड गॅरेजमध्ये तर लाकडासारखा होतो. एक रात्र घरात, उबेत पसरून ठेवा. बायको म्हणाली, "हॉलमध्ये हे काय?" मी म्हटलं, "पाहुणा आहे, उद्या जाईल."

मग सगळं उलट क्रमाने. ट्रॅक बोगद्यात, शाफ्ट ट्रॅकच्या आतून, दात जागांमध्ये. दोन्ही बेअरिंग आणि सील एवढं उघडलंय तर नवेच घाला. चेनकेस बंद करा, साखळीचा ताण मॅन्युअलप्रमाणे द्या, नवं ऑइल भरा. गाडी कुशीवर झोपवलेली असेल तर ऑइल भरणं ती सरळ केल्यानंतर. मग स्किड: पुढचं टोक आधी आत, पुढचे दोन बोल्ट हाताने लावा, मग सस्पेन्शन पट्ट्याने आवळून मागचे. सगळे लागल्यावरच टॉर्क रेंच आणि थ्रेड लॉकर.

दुसरा रविवार, रात्रीचे साडेदहा. सगळं बसलं. बोल्ट एकही उरला नाही. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. "डन" लिहिलं.

बाण

शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरीचे, आयुष्यभर जंगलातल्या लाकूडकामाच्या मशिनरी दुरुस्त केलेले. गॅरेजमध्ये दिवा दिसला म्हणून आले. गाडीच्या मागे उभे राहिले, वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुला बर्फातून मागे मागे जायचंय का?"

बऱ्याच ट्रॅकवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. लगचा आकार एका दिशेने बर्फ पकडायला बनवलेला असतो. माझा बाण उलटा होता.

आजोबांनी सोपी ओळख सांगितली. गाडी पुढे जाते तेव्हा ट्रॅकचा जमिनीवरचा भाग मागे जातो, मागच्या चाकाला वळसा घालून वर चढतो आणि वरून पुढे येतो. म्हणून इंजिन बंद असताना मागे उभं राहून बघितलं तर बाण वर, आकाशाकडे दिसला पाहिजे. माझा जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, "असाच चालवला तर?"

"चालेल. पकड कमी मिळेल. पण तू दिशा बघितली नाहीस ना? मग आणखी काय बघितलं नसशील?"

हे मला लागलं. राग आला, खोटं कशाला बोलू. ऑफिसमध्ये कोणी माझ्या कोडबद्दल असं बोललं असतं तर मी वाद घातला असता. इथे वाद कोणाशी घालणार, बाणाशी?

पुढच्या शनिवारी परत सगळं उघडलं. दोन वीकेंड लागलेलं काम या वेळी पाच तासांत झालं, कारण हाताला क्रम माहीत होता. आणि डाव्या बेअरिंगपाशी पोचलो तेव्हा कळलं, तो छोटा स्क्रू मी आवळलाच नव्हता. आट्यांवर नुसता टेकलेला होता. बोटाने फिरला.

याचा अर्थ काय, ते सांगतो. ती कडी सैल राहिली की शाफ्ट बेअरिंगच्या आतल्या आतच घसरत फिरायला लागतो. झिजतो, तापतो, बेअरिंग जातं, आणि मग शाफ्ट जागेवर राहत नाही. हे गॅरेजमध्ये घडत नाही, आवाजही लगेच येत नाही. हे घडतं काही तास चालवल्यावर. म्हणजे माझ्या बाबतीत बहुतेक ट्रेलवरच घडलं असतं, घरापासून लांब, बायको मागे बसलेली असताना.

उलट्या बाणामुळे तो स्क्रू सापडला. नाहीतर मी "डन" लिहून मोकळा झालो होतो.

बंद करण्याआधीची यादी

तेव्हापासून मी हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो. पार्ट काढण्यात हुशारी नाही. जे झाकलं की परत दिसणार नाही, ते झाकण्याआधी थांबून बघणं, हेच खरं काम. माझी यादी अशी:

१. शाफ्ट बसवण्याआधी: बाणाची दिशा. ट्रॅक आत गेला की मागे जाऊन बघा. वर? पुढे चला.
२. कप्पी लावण्याआधी: बेअरिंगची कडी आणि तिचा स्क्रू. आवळला की पेंटने एक रेघ मारा. रेघ नाही म्हणजे आवळलेला नाही.
३. चेनकेसचं झाकण लावण्याआधी: शिमचा क्रम फोटोशी ताडून बघा, सर्क्लिप खाचेत बसलीय का ते बघा.
४. स्किड लावल्यावर: ट्रॅक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे घासतोय का, कान देऊन ऐका.
५. टॉर्क: प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लागला की त्यावरही रेघ.

एक महत्त्वाचं. ही यादी ज्याने काम केलं त्याने तपासण्यापेक्षा दुसऱ्याने तपासावी. माझी बायको अकाउंटंट आहे, पाना कधी हातात धरलेला नाही. पण तिने टॉर्च घेऊन रेघा मोजल्या. एक कमी भरली. ऑडिट म्हणतात ते हेच!

ताण आणि सरळपणा

शेवटचा टप्पा. मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं की ट्रॅकच्या खालच्या भागाला अमुक वजन टांगल्यावर तो किती खाली यायला हवा. तेवढा ताण द्या. जास्त घट्ट केला तर स्लायडर आणि बेअरिंग झिजतात. जास्त ढिला ठेवला तर दात जागा सोडून उड्या मारतात.

मग सरळपणा. मागची बाजू भक्कम स्टँडवर, गॅरेजचं दार सताड उघडं कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. इंजिन चालू करून ट्रॅक अगदी हळू फिरवा. या वेळी गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही. ट्रॅकमधून खडा किंवा तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटू शकतो. लहान मुलं, कुत्री घरात.

इंजिन बंद करून, ट्रॅक थांबल्यावर बघा. दोन्ही बाजूंना स्लायडर आणि ट्रॅकवरच्या धातूच्या गाइडमधलं अंतर सारखं हवं. ज्या बाजूला गाइड स्लायडरला जास्त जवळ आलेत, त्या बाजूचा ॲडजस्टर थोडा आवळा. पाव फेरी, मग परत बघा. जमलं की एक्सलचा बोल्ट घट्ट.

नवा ट्रॅक सुरुवातीला थोडा ताणला जातो. म्हणून पहिल्या काही तासांनंतर ताण परत तपासा. पहिली फेरी घराच्या आसपासच, चालत परत येता येईल एवढ्याच अंतरात.

तुमचे प्रश्न

*लांब ट्रॅक टाकता येईल का?* नुसता ट्रॅक बदलून नाही. स्किडच्या पट्ट्याही वाढवाव्या लागतात आणि बोगद्याची लांबीही बघावी लागते. पहिल्यांदा करत असाल तर आहे त्याच मापाचा घ्या.

*कुठे थांबून दुकानात न्यायचं?* तीन ठिकाणी. शाफ्टवरची दातेरी चाकं बदलायची असतील आणि प्रेस नसेल तर. चेनकेसमध्ये रिव्हर्सचे गिअर असतील आणि मॅन्युअल हाताशी नसेल तर. आणि बोल्ट तुटून आत राहिला तर. यात कमीपणा काही नाही. नुसता शाफ्ट दुकानात नेऊन चाकं बसवून आणली तरी बाकीची मजुरी वाचतेच.

*एकट्याला जमेल का?* सुट्टं करायला जमेल. स्किड बसवायला आणि शेवटी तपासायला दुसरा माणूस हवाच.

जानेवारीत आम्ही त्या तळ्यावर गेलो. काही घडलं नाही. सांगण्यासारखं काहीच नाही, आणि मला तेच हवं होतं. परत आल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, "झालं ना नीट? मग दोनदा का करावं लागलं?"

"अगं, पहिल्यांदा केलं तेव्हा झालं असं वाटलं होतं."

"असं वाटणं आणि होणं यात फरक असतो रे," ती म्हणाली आणि भाजीचा गॅस बंद करायला गेली.

चला मंडळी, पुढच्या भागात भेटू. आणि कोणी गॅरेजमध्ये असं काम करत बसलं असेल तर त्याला हा भाग पाठवा. बाणाजवळ पोचायच्या आधी पाठवा म्हणजे झालं!